मोहोळाचे आरोग्य आणि मधमाशीचे वाण

ज्वारीचे बी कसे राखावे, हे आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. काढणीच्या आधी तो उभ्या पिकातून एक फेरी मारतो. ज्या ताटावर चिकटा पडलेला नाही, पाण्याचा ताण बसला तरी जे वाळले नाही, ज्याचे कणीस टपोऱ्या दाण्यांनी गच्च भरले, ते ताट तो हेरून ठेवतो. ती कणसे पोत्यात जात नाहीत, आढ्याला टांगली जातात. पुढच्या वर्षीचे पीक त्या कणसांत असते. जनावरांचेही तसेच. कंधारकडची लाल कंधारी आणि देवणीकडची देवणी या जाती काही कारखान्यात तयार झाल्या नाहीत. इथले ऊन, इथला कडबा आणि इथले गोचीड सोसून जी जनावरे टिकली, त्यांची पैदास आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली, म्हणून त्या जाती झाल्या.

आज मला आपणाशी मधमाशीविषयी बोलायचे आहे. तिच्या मधाविषयी पुष्कळ बोलले जाते. मी बोलणार आहे तिच्या दुखण्यांविषयी. मधमाशीला रोग होतात. कधी कधी तर असे होतात, की एखाद्या मुलखातली मोहोळेच्या मोहोळे ओस पडतात. हे का होते, आणि त्यातूनही काही मोहोळे कशी वाचतात, याचा शोध शास्त्रज्ञ गेली साठ-सत्तर वर्षे घेत आहेत. त्या शोधाचे सार आपल्या ज्वारीच्या कणसासारखेच आहे. रोगाशी झगडण्याचे पुष्कळसे बळ वाणात असते, आणि वाण राखावे लागते.

कुणी म्हणेल, "हे प्रयोगशाळेतल्या माणसांचे काम. आमचा त्याच्याशी काय संबंध?" संबंध असा. आपल्या परड्यातला भोपळा, दोडका, काकडी ही वेलवर्गातली पिके बघा. यांच्या एकाच वेलावर नराची फुले वेगळी आणि मादीची वेगळी. नराच्या फुलातला परागकण मादीच्या फुलावर कुणी तरी नेऊन पोचवला तरच फळ धरते. नाही तर कळी पिवळी पडून गळून जाते. कांद्याचे बी करणाऱ्याला, कारळे पेरणाऱ्याला, सूर्यफूल घेणाऱ्यालाही हाच अनुभव. फुलांवर माशी फिरली नाही, तर सूर्यफुलात पोचट दाणे जास्त निघतात. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यात गोदावरीचे पाणी अडले, उपसा योजनेने ते रानात खेळले. पाणी आले, खत आले, बियाणे आले. पण परागकण या फुलावरून त्या फुलावर नेण्याचे काम अजून माशीच करते, आणि तेही बिनपगारी.

आपल्याकडच्या माश्या

मधमाशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आधी उभी राहते ती आग्या माशी. वडाच्या उंच फांदीला, पाण्याच्या टाकीच्या पोटाशी, पुलाच्या कमानीखाली तिचे एकच मोठे पोळे लोंबत असते. दुसरी फुलोरी, झुडपाच्या काटकीला तळहाताएवढे इवलेसे पोळे करणारी. तिसरी सातेरी. ती अंधाऱ्या जागी, झाडाच्या ढोलीत किंवा दगडाच्या कपारीत, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. ती पेटीत राहायला कबूल होते, म्हणून महाबळेश्वरच्या डोंगरात मधपाळांनी तिला घरोघरी पाळले. यांच्या जोडीला एक पाहुणी आहे, विलायती माशी. शास्त्रात तिला मेलिफेरा म्हणतात. १९६२ च्या सुमारास डॉ. अटवाल यांच्या प्रयत्नाने ती कांगडा भागातील नगरोटा बागवान येथे यशस्वीपणे रुजली, आणि पुढे पंजाबातून देशभर पसरली. ती मध अधिक देते, पण तिची खातीरदारीही अधिक ठेवावी लागते. सातेरी आणि विलायती यांत जो फरक आहे, तो देवणी गाय आणि संकरित गाय यांतल्या फरकासारखा समजा. दोघींचे गुण वेगळे, दोघींची दुखणीही वेगळी.

एका आईची, अनेक बापांची लेकरे

आता मोहोळातले कुटुंब कसे असते ते थोडक्यात पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. मोहोळात राणी एकच. अंडी घालणे हे तिचे काम. बाकीच्या हजारो माश्या तिच्याच मुली, त्या कामकरी. थोडे नर असतात, ते काम करीत नाहीत.

मौज अशी, की नराला बाप नसतो! राणीने अंडे फळवून घातले तर मादी होते, न फळवता घातले तर नर होतो. ही गोष्ट १८४५ साली झिएरझोन नावाच्या पाद्र्याने प्रथम मांडली, तेव्हा विद्वानांना ती खरी वाटेना. पुढे सूक्ष्मदर्शकाने तिची साक्ष पटवली. मादीच्या पेशीत गुणसूत्रे ३२ असतात. १६ आईची, १६ बापाची. नराच्या पेशीत नुसती आईची १६. आपल्या भारतीय माशीच्या गुणसूत्रांचा अभ्यास पुण्याचे डॉ. देवडीकर आणि त्यांचे सहकारी यांनी करून १९५९ साली प्रसिद्ध केला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. राणी तरुणपणी उडायला निघते आणि उंच हवेत एका नव्हे, अनेक नरांशी तिचा संयोग होतो. विलायती राणीच्या बाबतीत ही संख्या साधारण १० ते २० भरते. आग्याची राणी तर याहून कितीतरी पुढे जाते. हे बीज ती जन्मभर पोटात साठवून ठेवते. म्हणजे मोहोळातल्या कामकरी माश्या एका आईच्या, पण दहावीस बापांच्या लेकी. घर एक आणि कुळ्या वीस. हा खटाटोप निसर्गाने कशासाठी केला असेल? याचे उत्तर पुढे रोगाच्या प्रकरणात सापडते.

औषधाचा फडताळ रिकामा, पण नाक तिखट

२००६ साली विलायती माशीचा सगळा जनुकसंच वाचून झाला. जनुके म्हणजे आईबापांकडून लेकरांकडे जाणाऱ्या गुणांच्या आज्ञा, असे समजायला हरकत नाही. त्या वाचनात शास्त्रज्ञांना एक नवल दिसले. रोगजंतूंशी शरीराच्या आत लढणारी जी जनुके घरमाशीसारख्या चिलटांत किंवा डासांत आढळतात, ती मधमाशीत त्यांच्या एक-तृतीयांशाच्या आसपासच निघाली. ज्या घरात हजारो जीव अंगाला अंग घासून राहतात, जिथे ऊब आहे, गोड आहे, तिथे तर साथ वणव्यासारखी पसरायला हवी. आणि औषधाचा फडताळ असा अर्धाअधिक रिकामा! मग ही जात कोट्यवधी वर्षे टिकली कशी?

त्याच वाचनात एक दुसरी गोष्टही दिसली. वास ओळखणारी जनुके मात्र मधमाशीत भरपूर, सुमारे १७० निघाली. फळांवरच्या चिलटाला ती ६० च्या आसपास असतात. या माशीचे नाक तिखट आहे. ती नाकाने फूल शोधते, आपला-परका ओळखते आणि, हे पुढे प्रयोगांनी दिसून आले, आजारी अळीही वासाने ओळखते.

आपल्याकडे म्हण आहे, गाव करी ते राव न करी. मधमाशीने आपले आरोग्य एकेका माशीच्या अंगात कमी आणि साऱ्या गावच्या वागणुकीत जास्त ठेवले आहे. त्या मेलेली माशी घरात राहू देत नाहीत, उचलून दूर टाकतात. पंखांनी वारा घालून अंडी-अळ्यांच्या जागेची ऊब ३४-३५ अंशांवर राखतात. मधात एक असा पाचकरस मिसळतात, की त्यातून थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहते आणि जंतू वाढत नाहीत. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, अळी टोपणाखाली आजारी पडली तर काही मोहोळांतल्या माश्या ते टोपण फोडून तिला बाहेर काढतात. 'काही मोहोळांतल्या' हे शब्द मी मुद्दाम वापरतो. सगळ्या मोहोळांना ही सवय नसते.

झाडलोट आईबापांकडून येते

गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली आणि आपल्याला स्वच्छता शिकवली. माणसाला ती शिकवता येते. मधमाशीला ती कोण शिकवतो? अमेरिकेतल्या ओहायो येथील वॉल्टर रोथेनब्युलर या शास्त्रज्ञाने १९६४ साली या प्रश्नाचे उत्तर दिले. आमच्या शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा. मेंडेलच्या वाटाण्याइतकाच तो वर्गात सांगण्याजोगा आहे.

त्याच्याजवळ माश्यांचे दोन वाण होते. एक स्वच्छ. त्यातल्या माश्या फाउलब्रूड नावाच्या जिवाणूरोगाने मेलेल्या अळ्यांची टोपणे फोडून त्या बाहेर फेकीत. दुसरा वाण गबाळा. मेलेल्या अळ्या तशाच कुजत ठेवी, आणि रोग वाढे. त्याने दोहोंचा संकर केला. पहिल्या पिढीतली सगळी मोहोळे गबाळी निघाली. स्वच्छता जणू नाहीशी झाली. मग या संकरित पिढीचा संबंध त्याने पुन्हा मूळच्या स्वच्छ वाणाशी जोडला, आणि अशी २९ मोहोळे तपासली. त्यांपैकी ६ मोहोळांनी टोपण फोडले आणि मेलेली अळीही बाहेर काढली. ९ मोहोळांनी टोपण तर फोडले, पण अळी तशीच सोडून दिली. उरलेल्या १४ मोहोळांनी काहीच केले नाही. इथे त्याने एक युक्ती केली. या १४ मोहोळांतली टोपणे त्याने स्वतःच्या हाताने काढून दिली. तेव्हा त्यांतल्या ६ मोहोळांनी अळ्या बाहेर काढल्या. ८ मोहोळे तशीच स्वस्थ बसली.

म्हणजे चार गट झाले: ६, ९, ६ आणि ८. जवळजवळ सारखे. यावरून त्याने अनुमान काढले, की टोपण फोडण्याचा गुण एका जनुकातून येतो आणि अळी काढण्याचा दुसऱ्या. दोन्ही गुण सुप्त असतात; आई आणि बाप दोघांकडून मिळाले तरच ते उघड होतात. पुढे २००२ साली नव्या पद्धतींनी तपास झाला, तेव्हा दोनऐवजी सातेक ठिकाणच्या जनुकांचा हात असावा असे दिसले. तपशील बदलला, पण मुद्दा पक्का झाला. खाण तशी माती. स्वच्छतेची सवय वाणातून येते, आणि म्हणून ती निवडून वाढवता येते. मिनेसोटा विद्यापीठातल्या मार्ला स्पिवाक यांनी पुढे असे स्वच्छ वाण निवडून वाढवण्याचे काम केले, आणि अमेरिकेतल्या मधपाळांनी ते उचलले.

मोहोळातले गोचीड

आता सातेरीकडे येऊ. व्हरोआ नावाचा एक कोळी आहे. आकाराने राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, रंगाने तांबूस, जातकुळी गोचिडाची. माशीच्या मानाने तो केवढा म्हणाल, तर माणसाच्या अंगाला भाकरीएवढे गोचीड चिकटावे तेवढा. तो माशीच्या अंगातली चरबीची पेशी खातो, असे २०१९ साली सिद्ध झाले, आणि खाता खाता विषाणूंची लागणही करतो. विलायती माशीच्या मोहोळात तो शिरला आणि कुणी उपाय केला नाही, तर दोन-तीन वर्षांत मोहोळ संपते. युरोप-अमेरिकेतल्या मधपाळांची झोप याने उडवली. ऑस्ट्रेलिया एवढा मोठा मुलूख यापासून वाचला होता. तिथेही २०२२ साली तो पोचला, आणि पुढच्याच वर्षी त्याला समूळ घालवण्याचा प्रयत्न तिथल्या सरकारला सोडून द्यावा लागला.

आणि हा कोळी मूळचा कुणाचा? सातेरीच्या जातीच्या माशीचा! १९०४ साली जावा बेटावर तो तिच्याच अंगावर प्रथम सापडला. ती मात्र त्याच्यासह सुखाने नांदते. हे कसे, ते चीनमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून बरेच उलगडले. अंगावर कोळी बसला की सातेरी पाय झाडून तो काढू पाहते. नाही निघाला तर एक प्रकारे नाचून बहिणींना बोलावते. त्या येऊन तिचे अंग चाचपतात, कोळी दातांनी धरतात आणि बाहेर टाकतात. कामकरी अळीच्या घरात कोळी शिरला, तर ती अळी लवकर मान टाकते आणि बहिणी तिला कोळ्यासकट बाहेर काढतात. राहता राहिली नराची घरे. तिथे कोळी वाढू शकतो. पण त्या घरांचे टोपण कठीण असते. फार कोळी झाले की आतला नर दुबळा होतो, त्याला ते टोपण फोडता येत नाही आणि बाहेरच्या माश्याही ते फोडीत नाहीत. नर आणि कोळी एकाच थडग्यात गाडले जातात. एकाचा बळी जातो, घर वाचते.

लाल कंधारीच्या अंगावर गोचीड येतच नाहीत असे नाही. पण ते सोसण्याची तिची ताकद वेगळी. सातेरीचेही तसेच. हजारो वर्षांच्या सहवासात जी मोहोळे टिकली, त्यांचाच हा वंश.

विलायती माशीवर कोळी मारण्याची औषधे निघाली. आधी ती फार गुणकारी ठरली, पुढे त्यांतल्या काहींना कोळी दाद देईनात. हे आपल्याला नवे नाही. बीटी कपाशीने बोंडअळी आटोक्यात आणली म्हणून आपण निश्चिंत झालो, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या रानांत काय केले ते सर्वांनी पाहिले. एकाच औषधावर भिस्त ठेवली, की कीडही आपले वाण निवडत बसते. म्हणून आता शास्त्रज्ञांचा कल औषधाच्या जोडीला सोशिक वाण निवडण्याकडे आहे.

सातेरीवरचे संकट

पण सातेरी म्हणजे सर्व रोगांवर मात करणारी, असे समजू नका. तिच्यावर एक संकट आले ते विषाणूचे. १९७६ साली थायलंडमध्ये सॅकब्रूड नावाच्या रोगाचा एक नवा प्रकार आढळला. १९७८ साली तो मेघालयात दिसला, आणि तिथून हिमालयाच्या पायथ्यापायथ्याने पश्चिमेकडे सरकला. १९९१-९२ पासून केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत त्याने थैमान घातले. सॅक म्हणजे पिशवी. या रोगात अळी शेवटची कात टाकू शकत नाही. कातडीखाली पाणी साचते आणि अळीची पाण्याने भरलेली पिशवी होते. अळ्या मरतात, नव्या कामकरी माश्या जन्मत नाहीत, आणि शेवटी उरलेल्या माश्या घर सोडून निघून जातात. दक्षिणेत पेटीतल्या सातेरीच्या दर दहा मोहोळांतली नऊ या साथीत गेली, असे सांगतात. केरळात रबराच्या मळ्यांतून पेट्या ठेवून पोट भरणारी कितीतरी कुटुंबे होती. त्यांच्या दारातल्या पेट्या नुसत्या लाकडाच्या राहिल्या.

या रोगावर औषध नाही. विषाणूला जिवाणूचे औषध देणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शिवाय त्या औषधाचा अंश मधात उतरतो, तो वेगळाच.

मग पुढे काय झाले? दहांतली नऊ गेली, एक राहिले. त्या एकाकडे लोकांनी बारकाईने पाहिले. रोगाच्या भर साथीत जे मोहोळ उभे राहिले, त्याच्यापासून नवी मोहोळे फोडली. पुन्हा त्यांतली टिकली ती घेतली. अशा रीतीने काही वर्षांनी पेट्या पुन्हा भरू लागल्या. दक्षिण कोरियातही २००९ नंतर याच रोगाने तिथली देशी माशी जवळजवळ बुडवली. तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी वाचलेल्या मोहोळांतून राण्या निवडल्या आणि रोग सोसणारे वाण तयार केले. उभ्या पिकात फिरून कणीस हेरणारा आपला शेतकरी दुसरे काय करतो?

वीस कुळ्यांचे घर

इथे एक सावधगिरी हवी. चांगले मोहोळ सापडले म्हणून सगळीकडे त्या एकाच राणीचा वंश लावला, तर ते अंगलट येते. सीली आणि टार्पी या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही राण्यांना त्यांनी एकाच नराचे बीज दिले, काहींना अनेक नरांचे. मग दोन्ही प्रकारच्या मोहोळांत मुद्दाम फाउलब्रूड रोग सोडला. अनेक बापांच्या मोहोळांत रोगाचा जोर कमी राहिला आणि ती अधिक सशक्त निघाली. कारण उघड आहे. एका बापाच्या लेकी एका रोगाला बळी पडतील, तर दुसऱ्याच्या पडणार नाहीत. काहींचे नाक तिखट असेल, काही वारा घालण्यात हुशार असतील. सगळी ज्वारी एकाच वाणाची असली आणि त्या वाणावर रोग आला, तर शिवारच जाते. मिश्र पेरलेले असेल, तर काही तरी पदरात पडते. राणीच्या त्या उंच उड्डाणाचे उत्तर हे आहे.

दुसरे एक कारण आणखी नाजूक आहे. आपल्याकडे सगोत्र सोयरीक टाळतात. मधमाशीत हा नियम निसर्गानेच फार कडक केला आहे. माशीचे लिंग ठरवणारे एक जनुक २००३ साली शोधून काढण्यात आले. त्याचे कितीतरी प्रकार असतात. आईकडून आणि बापाकडून वेगळा प्रकार आला, तर मादी होते. दोघांकडून एकच प्रकार आला, तर फळलेल्या अंड्यातूनही नर निपजतो; तो निरुपयोगी असतो आणि कामकरी माश्या त्या अळीला लहानपणीच खाऊन टाकतात. राणीचा संयोग भावाशी झाला, तर निम्म्यापर्यंत अळ्या अशा वाया जातात. पोळ्यावर अळ्यांची घरे सलग न दिसता मधे मधे रिकामी, चाळणीसारखी दिसू लागतात. रोग नसतानाही मोहोळ क्षीण होते. म्हणजे परिसरात मोहोळे फार थोडी उरली, की जी उरली तीही आतून खचतात. मोहोळाला शेजार हवा असतो.

पेटवलेले पोळे

हा मुद्दा मी इतका लांबवला, कारण तो आपल्या गावाशी येऊन भिडतो. आग्या मोहोळ दिसले, की रात्री पलिते घेऊन ते पेटवून देण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. मूठभर मधासाठी किंवा भीतीपोटी अंडी, अळ्या, राणी आणि हजारो माश्या एका रात्रीत राख होतात. भीती खोटी नाही. आग्याच्या हल्ल्यात माणसे दगावतात. पण जाळलेल्या मोहोळासोबत काय जळते, याचाही विचार झाला पाहिजे.

आग्या माशी पाळता येत नाही. तिला पेटीत कोंडता येत नाही, तिला औषध देता येत नाही. तिचे आरोग्य पूर्णपणे तिच्या वाणावर आणि तिच्या फिरस्तीवर आहे. तिच्या अळ्यांवरही ट्रोपिलेलॅप्स नावाचा एक कोळी जगतो. पण हा कोळी अळ्यांवाचून थोडेच दिवस काढू शकतो. आग्या माशी हंगाम सरला की पोळे सोडून दूर मुलखात निघून जाते आणि फुलोरा आला की परत येते. त्या वाटेत अळ्या नसतात, म्हणून कोळ्याची उपासमार होते. धनगराने वाडा हलवला की जुन्या जागचे पिसू-गोचीड मागे राहतात, तसेच हे. तूर, करडई फुलायच्या सुमारास जी माशी आपल्याकडे उतरते, ती असा प्रवास करून, असे रोग झटकून आलेली असते. ती निवडलेल्या कणसासारखी आहे. तिला पेटवणे म्हणजे आढ्याला टांगलेले बियाणे चुलीत घालणे होय.

मध घ्यायचाच असेल तर पोळे न जाळता घेता येतो. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या कोपऱ्यात एका बाजूला असतो. अंडी-अळ्या खालच्या भागात असतात. शिकलेला माणूस अंगभर पोशाख घालून, थोडा धूर देऊन तेवढाच मधाचा भाग कापतो आणि बाकीचे पोळे राहू देतो. हे काम शिकल्यावाचून कुणी करू नये.

आपण काय करावे

पुण्याला १९६२ पासून खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातले मांघर हे २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. परभणीचे कृषी विद्यापीठ तर आपल्या उंबऱ्याशीच. शिकायचे असेल त्याला दार उघडे आहे. पण काही गोष्टी शिकायला न जाताही करता येतील.

पहिली गोष्ट, फुलोऱ्यात दिवसा फवारणी करू नये. करावीच लागली तर दिवस मावळताना करावी. तोवर माश्या घरी गेलेल्या असतात. विषाने अर्धमेली झालेली माशी झाडलोट करू शकत नाही, आणि मग रोगाला वाट मिळते.

दुसरी गोष्ट, पेट्या पाळणाऱ्याने दूरच्या मुलखातून खात्री न करता मोहोळे आणू नयेत. थायलंडचा रोग मेघालयापर्यंत आणि मेघालयाचा पुढे पोचला. विलायती माशीला कोळी लागला तोही माणसाने पेट्या हलवल्या म्हणूनच. आपल्या परिसरातले, दोन उन्हाळे पाहिलेले मोहोळ हे सगळ्यांत चांगले बियाणे. नवी मोहोळे फोडायची ती अशाच चार-सहा वेगवेगळ्या मोहोळांपासून.

तिसरी गोष्ट, कोणते मोहोळ स्वच्छ आहे ते ओळखायला शिकावे. पद्धत सोपी आहे. बारीक टाचणीने टोपणाखालचे शंभर कोष टोचून मारायचे, चौकट परत पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजायचे, किती घरे साफ झाली. ज्यांनी जवळजवळ सगळी साफ केली, त्या मोहोळाची राणी जपावी. शिक्षकांना हा प्रयोग मुलांना दाखवता येईल. मात्र तो पेटीतल्या सातेरीवर किंवा विलायती माशीवरच, तोंडाला जाळी बांधून आणि जाणता मधपाळ जवळ असताना करावा. आग्याच्या जवळ मुलांना मुळीच नेऊ नये.

चौथी गोष्ट गावाने मिळून करायची आहे. जे आग्या मोहोळ उंचावर, रहदारीपासून दूर आहे, त्याला हात लावू नये. त्याच्या खाली धूर करू नये, दगड मारू नये. शाळा किंवा दवाखाना यांच्या अगदी जवळ असेल, तर शिकलेल्या माणसाला बोलावून ते हलवावे. बांधावरची बाभळ, कडुनिंब, करंज, जुने वड आणि ढोली असलेली झाडे राहू द्यावीत. ढोल असलेले झाड आपल्याला निकामी वाटते. सातेरीला तेच घर असते.

श्रोतेहो, मधमाशीच्या रोगावर प्रयोगशाळेत खूप काम चालू आहे आणि चालावे. राणीला चारा म्हणून लस देऊन तिच्या लेकरांना जन्मतः रोगापासून वाचवण्याची एक युक्तीही निघाली. २०२३ च्या आरंभी अमेरिकेत तिला सशर्त परवानगी मिळाली. पण कुठलीही प्रयोगशाळा वाण शून्यातून निर्माण करीत नाही. ती रानात टिकलेल्या मोहोळांतूनच निवड करते. रानात ती मोहोळे राहिली, तर उद्या कुणा अभ्यासकाला त्यांत रोग सोसणारी राणी सापडेल. ती कदाचित किनवट-माहूरच्या रानातल्या एखाद्या ढोलीतही असेल. तोवर ते बियाणे सांभाळण्याचे काम तुमच्या-माझ्या गावाकडे आहे. यंदा तुरीला फूल लागेल तेव्हा माश्या येतील. त्या येतील तशा परत जाऊ द्याव्यात, एवढे जरी आपण केले, तरी पुष्कळ झाले.